तो मुतखडा नव्हता

मला झालेल्या आजाराचं नाव चारचौघांत घेता येत नाही, आणि घेतल्याशिवाय हे लिहिता येत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो. मोठ्या वयात मला गालफुगी झाली आणि ती गालावरून खाली उतरली. खाली म्हणजे गळ्यापर्यंत नव्हे, थेट मांड्यांच्या मध्ये. डॉक्टर तिथल्या अवयवाला वृषण म्हणतात. आमच्याकडे त्याला दोनच प्रकारचे शब्द आहेत, एक शाळेच्या पुस्तकातले आणि दुसरे भांडणातले. आजारी माणसानं दुखणं सांगावं असा मधला शब्दच नाही. मी डॉक्टरांसमोर नुसतं ‘इथं’ म्हणून बोट दाखवलं, तेही टेबलाआडून, त्यामुळे त्यांनी आधी माझा गुडघा तपासला.

मी तीर्थपुरीचा भुसार व्यापारी. औषधांची नावं माझ्याकडून मिळणार नाहीत, ती डॉक्टरांना विचारावीत. पण हा आजार झाला की माणूस कुणाकुणापासून काय काय लपवतो आणि त्या लपवण्याचा भार कुणावर पडतो, एवढं मला नीट ठाऊक आहे.

गाल

आमचं दुकान अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलं. तूर, हरभरा, सोयाबीन शेतकऱ्याकडून घ्यायचं, चाळायचं, पुढं पाठवायचं. मी तिशी ओलांडल्यावरही गल्ल्यावर अण्णाच बसतात आणि मी काट्यापाशी उभा असतो.

माझी सासुरवाडी आष्टीची. तिथं मेव्हणीच्या लहान मुलीला गालफुगी झाली होती. पोरगी रडत होती आणि फक्त माझ्या खांद्यावर गप्प बसत होती, म्हणून दिवसभर मी तिला घेऊन हिंडलो. सासूबाई म्हणाल्या, “लेकरांचा आजार हाय, जावईबापूला काय होतंय?” जावईबापूला लहानपणी ही गालफुगी झाली होती का, हे कुणी विचारलं नाही. झाली नव्हती. गल्लीत कुणाचे गाल सुजले की आई मला उचलून हसनाबादला आत्याकडे नेऊन टाकायची. गल्लीतली सगळी पोरं दुसरीत असतानाच यातून मोकळी झाली, माझी तेवढी राहून गेली. “माझ्या लेकराला म्या कसलीच साथ लागू दिली न्हाई,” हे आई अजून अभिमानानं सांगते. आता जरा हळू आवाजात सांगते.

दोन-अडीच आठवड्यांनी आधी उजवा गाल आला, मग डावा. गावातले डॉक्टर म्हणाले, आराम करा आणि लोकांत मिसळू नका. आमच्या घरात आराम म्हणजे पोती न उचलता गादीवर बसणं. आईनं कुंभाराकडून चाकावरची माती आणली, त्यात गेरू कालवला, दोन्ही गालांना थापला आणि गळ्यात स्वतःची सोन्याची साखळी घातली. असा सजून मी दुकानात बसलो. समोरच्या कापड दुकानातले पारसशेठ रस्ता ओलांडून बघायला आले. त्यांचं घराणं राजस्थानातून येऊन इथं इतकं मुरलंय की तिकडची भाषा त्यांना आता फक्त लग्नात आठवते.

“संतोष,” ते म्हणाले, “दोन्हीकडून बराबर फुगलाय. वजनात काटा मारत न्हाई तू, हे दिसून राह्यलं.”

सोयाबीन घेऊन आलेले शेतकरी हसले. मीही हसायला गेलो आणि कानापर्यंत कळ गेली.

खाली

गाल उतरले. मी दाढी केली, साखळी आईला परत दिली. आणि दुसऱ्याच दिवशी हुडहुडी भरून ताप आला, आणि खाली असं दुखायला लागलं की पँटची शिवणसुद्धा सहन होईना. आधी वाटलं, पोतं उचलताना काही झालं असेल. मग बघितलं. एक बाजू दुप्पट झाली होती. तो आकार बघून मला मनापासून भीती वाटली.

मी पाय फाकून चालायला लागलो. आईनं ओळखलं, “मांड्या घासल्या असतील, खोबरेल लाव.” अण्णांनी चालीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. सांगितलं फक्त रूपालीला, माझ्या बायकोला. सांगितलं म्हणजे ‘इथं’ म्हणालो. तिनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

“हे अंगावर काढायचं दुखणं न्हाई,” ती म्हणाली. “जालन्याला चला. आत्ता.”

गाडी पारसशेठची. तेच चालवणार. अंबडमार्गे जालन्याच्या त्या रस्त्यावर मी लहानपणापासून शेकडो वेळा गेलो असेन, पण त्यातला एकेक खड्डा मला त्या दिवशी भेटला. “हळू घ्या शेठ,” मी म्हणत होतो. “हळूच घेऊन राह्यलो,” ते म्हणत होते, आणि पुढचा खड्डा येत होता.

पाटी

दवाखान्याच्या दारावर पाटी होती, मूत्ररोग तज्ज्ञ. बाहेरच्या बाकांवर सगळे पुरुष, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, आणि सगळे घोट घोट पीत बसलेले. पारसशेठनी पाटी वाचली, बाटल्या बघितल्या आणि मान डोलवली. मी आत गेलो.

गुडघ्याचा घोळ मिटल्यावर डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी केली. तिथं जे गार मलम लावतात ते त्या आठवड्यातलं माझं एकमेव सुख होतं. मग त्यांनी विचारलं, “एवढ्यात गालफुगी झाली होती का?”

मला वाटलं, हा माणूस चेहरा वाचतो.

“तोच विषाणू,” ते म्हणाले. “मोठ्या वयात झाली तर काही पुरुषांना हा त्रास होतो. तुम्हाला एकाच बाजूला आहे. आराम, आधार, गार शेक आणि दुखण्याची गोळी. सूज उतरेल.”

मी उठायच्या बेतात होतो. रूपाली उठली नाही.

“मूल होण्यात अडचण येईल का?” तिनं विचारलं.

आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्या चार वर्षांत रूपालीच्या दंडाला गंडे बांधले गेले, तिनं सोमवार धरले, शनिवार धरले, दोन ठिकाणी तिच्या तपासण्या झाल्या आणि त्या चांगल्या आल्या म्हणून तिसऱ्या ठिकाणी झाल्या. पपई बंद, वांगं बंद. माझी तपासणी करा असं कुणी म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही. मी जेवलो, दुकानात गेलो, आणि “देवाच्या हातात हाय” असं म्हणत राहिलो.

“बहुतेकांना काही होत नाही,” डॉक्टर म्हणाले. “काहींचं बीज काही काळ कमी होतं आणि पुन्हा वाढतं. फार थोड्यांना कायमची अडचण राहते. तीन महिन्यांनी तपासू. आत्ता सांगणं म्हणजे पेरायच्या आधी एकरी उतारा सांगणं.”

रूपाली फरशीकडे बघत होती. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. एवढा साधा प्रश्न विचारला जायला मला आजारी पडावं लागलं.

तापासाठी मला ठेवून घेतलं. हे सांगायला बाहेर आलो, तर पारसशेठ फोन खिशात ठेवत होते. “काळजी करू नको,” ते म्हणाले. “मी अण्णाला सांगून टाकलं, मुतखडा हाय म्हणून. मला बी झाल्ता.”

मी तोंड उघडलं. रूपाली माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं.

वॉर्डातली प्रतिष्ठा

वॉर्डात माझ्याशिवाय सगळे खरोखरचे मुतखडेवाले होते. सकाळी चहा यायचा, मग बीपी बघायला सिस्टर यायची, मग डॉक्टरांची फेरी, आणि मधल्या वेळात खड्यांच्या गप्पा. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “तुमचा किती एमएमचा?”

“सात,” मी म्हणालो.

“माझा नऊ,” ते म्हणाले आणि त्यानंतर मला वडिलकीच्या नात्यानं सल्ले द्यायला लागले. डॉक्टर फेरीला आले की माझ्याभोवती पडदा ओढायला सांगायचे. सातच्या खड्याला पडदा आणि नवाच्या खड्याला नाही, हे त्या गृहस्थांच्या मनाला फार लागलं.

गारेगार

घरी आलो तेव्हा कुळथाचं पाणी उकळत होतं. कुणी पानफुटीची पानं आणून दिली, कुणी जवाचं पाणी. मला उठून दहा पावलं चालणं जड, आणि आई दर तासाला तांब्या भरून समोर धरायची. पीत होतो, पाय फाकून मोरीकडे पळत होतो, येत होतो. खडा नव्हता, पण असता तर त्या आठवड्यात नक्की वाहून गेला असता.

खरा उपचार दार लावून चालायचा. गार शेकासाठी रूपालीनं युक्ती काढली. किराणा दुकानात पिशवीत भरलेल्या लांबट बर्फाच्या कांड्या मिळतात, पोरं चोखत हिंडतात त्या. तिनं त्या आणल्या. नॅपकिनमध्ये गुंडाळून शेकायला अगदी बराबर बसायच्या. वितळल्या की पुन्हा फ्रीजरमध्ये.

एका दुपारी अण्णा उन्हातून आले, फ्रीज उघडला आणि एक केशरी कांडी दातानं फोडून खुर्चीत बसले. मी आणि रूपाली दारातून बघत होतो. “बऱ्याच वरसांनी खाल्ली,” ते म्हणाले. “छान हाय. आणखी आण गं.” कांडी बंद पिशवीतली होती, वर नॅपकिन होता, त्यात काही वावगं नाही, असं रूपाली मला पुन्हा पुन्हा सांगत राहिली. अण्णांना हे आजवर माहीत नाही. ते वाचत नाहीत, एवढाच आधार.

पालक

पारसशेठ रोज यायचे. त्यांच्या मते खडा तीन गोष्टींनी होतो, टमाटे, पालक आणि वांग्याचं बी. आई दारात उभी राहून हे ऐकायची.

“तरी म्या म्हणत होते,” एक दिवस ती म्हणाली. “हिच्या हातानं रोज पालक. आमच्या घराण्यात आजपर्यंत कुणाला खडा न्हाई.”

त्या दिवसापासून रूपालीला चुलीपासून लांब ठेवलं. आई एकटी स्वयंपाक करायची आणि येईल त्याला सांगायची, “सुनेच्या हातचं सोसलं न्हाई त्याला.” वर एका बाईचा पत्ताही काढून ठेवला होता, जी पोट चोळून मूल राहील असं करते. माझा खडा पडला की रूपालीला तिकडे न्यायचं ठरलं होतं.

रूपाली संध्याकाळी माझ्यासाठी कांडी गुंडाळत म्हणाली, “मूल न्हाई ते माझ्यामुळं. खडा झाला तो बी माझ्यामुळं. उद्या तुमच्या काट्यात फरक पडला तर तो बी माझ्याच नावावर टाका.”

“सांगतो मी आईला,” मी म्हणालो.

“कधी?”

“जरा लोकांचं येणं कमी होऊ दे.”

ती हसली नाही. नॅपकिन माझ्या हातात दिला आणि बाहेर गेली. त्या दिवशीचा शेक माझा मलाच घ्यावा लागला.

पुडी

सूज उतरली, मी दुकानात जायला लागलो. आणि पारसशेठनी विचारलं, “पडला का?”

आमच्या बाजारात मुतखडा पडला की तो दाखवायचा असतो. पडला म्हणून नुसतं सांगणं म्हणजे गाडी घेतली म्हणून सांगून ती घरात लपवणं. पारसशेठचा स्वतःचा खडा त्यांच्या गल्ल्यात कुंकवाच्या डबीत आहे आणि साडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही तो बघायला मिळतो. मी चार-आठ दिवस टाळलं. मग लोक म्हणायला लागले, अजून आत हाय म्हंजे ऑपरेशन करावं लागंल. आईच्या डोळ्यांना धार लागली. शेवटी एका सकाळी चाळणीखालच्या तुरीच्या कचऱ्यातून एक बरासा खडा निवडला, डेटॉलनं धुतला आणि कागदाच्या पुडीत बांधला.

दुकानासमोर दहा-बारा माणसं जमली. पारसशेठनी डबी आणून आपला खडा माझ्या खड्याशेजारी ठेवला आणि थोडे खट्टू झाले. “तुझा मोठा हाय,” ते म्हणाले. “सोसलं बाबा तू.” लोकांनी माझ्या पाठीवर हात फिरवले.

मग अण्णांनी हात पुढं केला. त्यांनी खडा घेतला, अंगठा आणि बोटात फिरवला, उजेडाकडे धरला, नखानं खरवडला. धान्यातून खडे वेचण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, खडा पुन्हा पुडीत ठेवला आणि लोकांना म्हणाले, “चला, बघून झालं. माल उतरायचाय.”

दुपारी दुकानात दोघंच होतो.

“हा खडा तुरीतला हाय,” अण्णा म्हणाले. “परवा जी गाडी आल्ती, तिच्यातला.”

मी पुडी खिशात घातली.

“मंग पोटात काय झाल्तं?”

“पोटात न्हाई, अण्णा,” मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. शब्द सापडत नव्हते तिथं ‘इथं’ म्हणालो. अण्णा समोरच्या पोत्यांच्या थप्पीकडे बघत ऐकत होते. त्यांचे कान लाल झाले होते. बाप-लेक असून आम्ही या विषयावर आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होतो.

शेवटी त्यांनी विचारलं, “दोन्ही?”

“एक.”

“मंग दुसरं हाय ना?”

“हाय.”

“बराबर,” ते म्हणाले आणि पाणी प्यायले. मग म्हणाले, “पोरीला पालकावरून बोलणी खाऊ देऊन राह्यला तू. हे बरं न्हाई. तुझ्या आईला सांग.”

“तुम्ही सांगा ना.”

“म्या?” अण्णा घाईनं उठले. “म्या गोदामात चाललो.”

आई

आई ओट्यावर लसूण सोलत होती. रूपाली आतच होती. मी आईसमोर बसलो आणि खडा नव्हता इथपासून सुरुवात केली. ती हसली, तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग हसायची थांबली.

“म्हंजे मूल न्हाई ते तुझ्यामुळं?”

“आधीचं म्हाईत न्हाई, आई. आधी मला कुणी तपासलंच न्हाई. हिला तपासलं, तिचं सगळं चांगलं आलंय, तीनदा. आता माझी तपासणी हाय. तिला त्या बाईकडं न्यायचं न्हाई.”

आईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. “गालफुगीनं असं होतं?”

“मोठेपणी झाली तर कुणाकुणाला होतं.”

“पन म्या तर जपलं तुला,” ती म्हणाली. “हसनाबादला नेऊन ठेवायचे.”

तिचा आवाज बारीक झाला आणि मला तिची फार दया आली. मी म्हणालो, तुझी काही चूक न्हाई. ते खरंच होतं. रूपालीची माफी तिनं मागितली नाही, आमच्या घरात सासू सुनेची माफी मागत नसते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भाजीची पिशवी रूपालीपुढं ठेवली आणि म्हणाली, “आज पालकच कर.”

आणि त्याच दिवसापासून उपचारांचा मोर्चा माझ्याकडे वळला. सकाळी भिजवलेली खारीक, दुपारी उडदाचा लाडू, संध्याकाळी दुधातून कसलीशी पावडर. शनिवार माझे. दंडाला गंडा माझ्या. चार वर्षांत रूपालीनं काय काय सोसलं ते मला त्या लाडवांनी शिकवलं. रूपाली समोर बसून वांग्याचं भरीत खात मला म्हणायची, “सगळा संपवा हं. उरवायचा नसतो.”

दुसरी भीती

हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. सूज गेली, दुखणं गेलं, तरी मी रूपालीजवळ जायचं टाळत होतो. कधी गोदामात उंदीर झालेत म्हणून तिकडे झोपायचो, कधी क्रिकेट बघत बसायचो. एकदा धीर केला आणि काही जमलं नाही. मी छताकडे बघत पडलो आणि मनात ठरवून टाकलं की संपलं, आपण कामातून गेलो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे सांगायला मला जितका घाम आला तितका तापातही आला नव्हता. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले, सकाळी उठल्यावरची एक गोष्ट विचारली, जी मी इथं लिहीत नाही, आणि म्हणाले, “यंत्र चालू आहे. भीती बसलीये, ती जाईल. तुम्ही परीक्षेला बसल्यासारखे जाऊ नका.”

घरी येताना मी हे रूपालीला सांगितलं. ती म्हणाली, “मला वाटत होतं, मीच नको झाले तुम्हाला.” एसटीत शेजारी बसून ती रडली आणि मी खिडकीकडे तोंड करून रडलो. त्यानंतर उंदरांचा बंदोबस्त झाला.

तपासणी

तीन महिन्यांनी बीज तपासायला जालन्याच्या लॅबमध्ये गेलो. त्याआधी काही दिवस बायकोपासून लांब राहायचं असतं. काउंटरवरच्या बाईंचा आवाज आडतीवर लिलाव पुकारायला चालला असता. “किती दिवस परहेज केलं?” त्यांनी विचारलं. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. “चार,” मी म्हणालो. मागचे एक आजोबा सहानुभूतीनं म्हणाले, “मी बी साखर सोडलीय.”

मला एक डबी दिली आणि एका खोलीत पाठवलं. आत खुर्ची, बादली आणि भिंतीवर देवीचं कॅलेंडर. आधी ते उलटं करून ठेवलं, हात जोडले आणि बसलो. पण भिंत पातळ होती आणि पलीकडे दोन माणसं सोयाबीनच्या भावावर बोलत होती. आज भाव चढला म्हणे. आमच्या गोदामात थप्पी पडून होती. विकावी की थांबावं, पारसशेठची गाडी मिळेल का, माल भरायला बारदाना आहे का, असं सगळं माझ्या डोक्यात सुरू झालं आणि ज्या कामाला आलो ते राहिलं बाजूला. असा बराच वेळ गेला. दारावर टकटक झाली, “झालं का?”

मी दार किलकिलं करून रूपालीला खुणावलं आणि अडचण सांगितली. ती त्या दोघांकडे गेली आणि शांतपणे म्हणाली, “भाऊ, तुमचं नाव पुकारून राह्यले काउंटरवर.” दोघंही उठून गेले. नवरा-बायकोनं संकटात एकमेकांना साथ द्यावी असं लग्नात सांगतात, ते यालाच म्हणत असावेत.

डॉक्टर म्हणाले, “कमी आहे. पण शून्य नाही. पुन्हा तीन महिन्यांनी बघू.” दुसऱ्या वेळी वाढलेलं होतं. अजून जिथं हवं तिथं नाही, पण वाढतंय. आजारी पडलेली बाजू दुसरीपेक्षा थोडी लहान राहिली आहे, तेवढी राहील, तिनं काही अडत नाही. मूल अजून नाही. होईलही. डॉक्टर म्हणतात, प्रयत्न चालू ठेवा, आणि हे एकच औषध असं आहे की ज्याचा मला कंटाळा नाही.

ज्यांच्या घरात आत्ता कुणाचे गाल सुजलेत त्यांना एवढंच सांगतो. मोठ्या माणसाला लहानपणी झाली नसेल तर त्यानं त्या लेकरापासून लांब राहावं. गाल उतरल्यावर खाली दुखलं तर ‘इथं’ म्हणायला लाजू नका. आणि मूल होत नसेल तर दोघांनी मिळून तपासून घ्या. दवाखान्याची पायरी ती एकटीनंच का चढायची?

पंगत

गेल्या महिन्यात हसनाबादला आत्याच्या नातीचं लग्न होतं. मांडवात पंगत बसली होती. रूपाली आईशेजारी, मी समोरच्या रांगेत, शेजारी आत्याचे जावई. आत्या स्वतः जिलेबी वाढत फिरत होती. रूपालीच्या ताटापाशी ती वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “काय गं, चार वरसं होऊन गेली, तुझं आजून काहीच न्हाई? दवाखाना करून राह्यली का न्हाई?”

हा प्रश्न रूपालीला प्रत्येक पंगतीत मिळाला आहे. तो आला की ती ताटावर हात आडवा धरते, पोट भरलं म्हणते आणि उठते. आताही तिचा हात पुढं आला. मी घास खाली ठेवला.

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “तिला काय इचारतीस? तिचं सगळं बराबर हाय. त्याला इचार. तो बसलाय बघ समोर.”

सगळी पंगत माझ्याकडे वळली. वाढपी पळी धरून थांबले. आई पापडाचा तुकडा मोडत माझ्याकडे बघत होती, काट्यावर माल चढवून आकड्याची वाट बघावी तशी.

“आत्या,” मी म्हणालो, “मला मोठेपणी गालफुगी झाल्ती. ती खाली उतरली. त्यामुळं अडचण हाय, आणि ती माझ्याकडं हाय. उपचार चालू हायेत. सुधारून राह्यलंय.”

आत्या जिलेबीची परात घेऊन घाईनं पुढच्या ताटाकडे सरकली. शेजारचे जावई माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “मला बी लहानपणी झाली न्हाई हो. जेवण झाल्यावर जरा बाहेर भेटता का?”

मी समोर बघितलं. रूपालीनं ताटावरचा हात काढून घेतला होता. तिनं आत्याला हाक मारली आणि आणखी दोन जिलेब्या वाढायला सांगितल्या.